जाळं पाण्यात, पैसा गाळात!

हौसेची वस्तू फसली तर ती माळ्यावर जाते. पोटाची वस्तू फसली तर घरातलं सोनं जातं. चेन्नईजवळच्या कोवलमपासून आपल्या रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावरच्या हजारो कुटुंबांनी होड्या, इंजिनं आणि जाळी घेतली. त्यातल्या अनेक खरेद्यांनी घरात समृद्धी आणली, पण काहींनी नुसता पस्तावा आणला. असं का झालं?

कोवलम म्हटलं की मराठी माणसाला केरळ आठवतं. पण त्याच नावाचं एक गाव चेन्नईच्या दक्षिणेला, पूर्व किनारा मार्गावर, साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. अठराव्या शतकात या छोट्याशा बंदरावर युरोपियनांचा डोळा होता. १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने इथला किल्ला जिंकला आणि उद्ध्वस्त करून टाकला. २०२१ साली इथल्या किनाऱ्याला स्वच्छतेचं आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. शहरातली तरुण मंडळी इथे लाटांवर फळी घेऊन स्वार व्हायला येतात. त्याच वाळूत कोळ्यांच्या फायबरच्या होड्या ओळीने उभ्या असतात आणि शेजारी नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग पडलेले असतात.

मासेमारीचं सामान ही चीजच मोहात पाडणारी. परदेशात ‘फ्लाय फिशिंग’ नावाचा एक शौक आहे. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती लवचीक काठीने पाण्यावर अलगद टाकायची आणि माशाला फसवायचं. इंग्रजांनी हा नाद हिंदुस्थानातही आणला. मद्रास सरकारातले एक अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी तर १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे गळाच्या शिकारीवरचं पुस्तकच लिहिलं. या शौकात काठी आणि दोरीचं वजन जुळावं लागतं. नाहीतर महागडी काठी घेऊनही माशी हातभर अंतरावरच पडते. नदीसाठी बनवलेलं रीळ समुद्रावर नेलं आणि गोड्या पाण्याने धुतलं नाही, तर खाऱ्या पाण्याने ते गंजून जातं. अशा वेळी हौशी माणूस चार दिवस हळहळतो आणि सामान माळ्यावर टाकून मोकळा होतो.

कोळ्याला मात्र असं मोकळं होता येत नाही. जाळं घरी पडून राहिलं तरी कर्जाचा हप्ता दारात उभाच राहतो.

दानात आलेली होडी

तमिळ कोळ्यांचं जुनं वाहन म्हणजे कट्टुमरम. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे चार-पाच ओंडके दोराने बांधले की झालं वाहन तयार. इंग्रजीतला ‘कॅटमरान’ हा शब्द इथूनच गेला. कट्टुमरमला पोकळ पोटच नाही, त्यामुळे त्यात पाणी भरून ते बुडण्याचा प्रश्नच येत नाही. घरी आलं की दोर सोडायचा आणि ओंडके वाळत घालायचे. डिझेल नाही, गॅरेज नाही.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावरची वाहनं, जाळी, घरं सगळं घेऊन गेली. मदतीचा ओघ सुरू झाला. सरकार, सेवाभावी संस्था, परदेशी देणगीदार सगळ्यांनाच कोळ्याला होडी द्यायची होती. फायबरच्या होड्यांचे कारखाने रातोरात उभे राहिले. गडबडीत बांधलेल्या अनेक होड्यांच्या दर्जाबद्दल जाणकारांनी तेव्हाच तक्रारी केल्या होत्या.

खरी अडचण पुढे आली. काल जो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता, तो आज मालक झाला. मग खलाशी कोण होणार? काही गावांत आधी होत्या त्यापेक्षा जास्त होड्या झाल्या, पण समुद्रातले मासे काही वाढले नाहीत. शिवाय फायबरच्या होडीला इंजिन लागतं, इंजिनाला इंधन लागतं आणि फुटलं-तुटलं तर कारागीर शोधावा लागतो. होडी फुकट आली तरी तिचा रोजचा खर्च काही फुकट नव्हता.

फायबरची होडी वाईटच, असं मात्र कुणी म्हणू नये. ती वेगाने जाते, दूर जाते, जास्त माल आणते. म्हणूनच तर कट्टुमरम मागे पडलं. चूक झाली ती ‘किती’ आणि ‘कुणाला’ या हिशेबात.

नाडी आवळणारं जाळं

पस्ताव्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे ‘सुरुक्कु वलै’ची, म्हणजे आपल्याकडच्या पर्ससीन जाळ्याची. या जाळ्याची युक्ती बटव्यासारखी असते. तारली, बांगड्यासारख्या माशांचा थवा दिसला की त्याभोवती शेकडो मीटर लांबीचं जाळं गोल सोडायचं आणि तळाची दोरी बटव्याच्या नाडीसारखी आवळायची. थवाच्या थवा आत! एका फेरीत कधी महिन्याची कमाई होते, तर कधी पुढच्या हंगामाचे मासेही त्याच बटव्यात येतात.

तामिळनाडू सरकारने २००० साली या जाळ्यावर बंदी घातली. तरीही त्सुनामीनंतर कडलूर, नागपट्टणम पट्ट्यात ही जाळी वाढतच गेली. एकट्याला परवडत नाही म्हणून अनेक घरांनी मिळून पैसे घातले. बायकांनी दागिने गहाण टाकले. शेजारच्या गावाने जाळं घेतलं आणि आपण नाही घेतलं, तर मासे ते नेणार आणि आपण बघत बसणार, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती.

बंदी कागदावर होती तोवर सगळं चालून गेलं. २०२० पासून अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा कोळी कुटुंबं रस्त्यावर उतरली. लाखोंचं जाळं घरात असताना कर्ज कशाने फेडायचं, हा त्यांचा सवाल होता. साध्या जाळ्यावर पोट भरणाऱ्या कोळ्यांचा सवालही तितकाच खरा होता : तुम्ही सगळा थवा नेलात तर आम्ही काय न्यायचं?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. त्यानुसार नोंदणी झालेल्या बोटींना किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरच्या पलीकडे, आठवड्यातून फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात हे जाळं वापरण्याची मुभा मिळाली. सात दिवसांच्या कमाईचा अंदाज बांधून घेतलेलं जाळं दोन दिवसांवर आलं!

आपल्या दारातही तेच

हे दूरच्या मुलखातलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. गोव्यात सत्तरच्या दशकात रांपणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यात झगडा पेटला होता. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. नवे परवाने थांबले आणि मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ उरला. मग काहींनी प्रखर एलईडी दिव्यांवर पैसा घातला, कारण रात्री उजेडाकडे मासे आपणहून येतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावरही बंदी आणली. २०२१ साली राज्याचा कायदा दुरुस्त झाला आणि बेकायदा मासेमारीचा दंड लाखांत गेला. दिवे, जनरेटर, तारा या सगळ्या खरेदीचं काय झालं असेल, ते सांगायला नकोच.

मग कोळी माणूस भोळा का? मुळीच नाही. वाऱ्यावरून आणि पाण्याच्या रंगावरून मासा ओळखणारा तो माणूस आहे. पण त्याच्या हातात रोख पैसा नसतो. दलाल आगाऊ रक्कम देतो आणि बदल्यात मासळी त्यालाच, बहुधा त्याच्याच भावाने, विकावी लागते. कर्ज फेडायचं तर जास्त मासळी हवी, जास्त मासळीसाठी मोठं जाळं हवं आणि मोठ्या जाळ्यासाठी पुन्हा कर्ज हवं. या चक्रात खरेदीचा निर्णय गरज घेत नाही, धास्ती घेते.

यातून वाट काढणारेही आहेत. १९८० साली स्थापन झालेल्या ‘दक्षिण भारतीय मच्छीमार संस्था महासंघा’ने विक्री, बचत आणि कर्ज ही तिन्ही कामं गावच्या सोसायटीत एकत्र आणली. हप्ता रोजच्या विक्रीतून थोडा थोडा कापला जातो. ज्या दिवशी मासळी नाही, त्या दिवशी हप्ताही नाही. महासंघाने इंजिनं दुरुस्त करण्याचीही सोय केली. कोवलममध्ये तर मूर्ती मेगवन या कोळ्याच्या पोराने २०१२ च्या सुमारास लाटांवर स्वार होण्याची शाळाच काढली. ज्या लाटा होडीला नकोशा असतात, त्याच लाटांवर गावातल्या काही मुलांना रोजगार मिळू लागला.

पैसे मोजण्याआधी...

होडी असो, पिठाची चक्की असो की रिक्षा, धंद्याची वस्तू घेताना घरातल्या सगळ्यांनी मिळून हे पाच प्रश्न विचारावेत :

• ही वस्तू वापरायला आजचा कायदा परवानगी देतो का? ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर चालणार नाही.

• वर्षातले किती दिवस ती कामाची? पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हप्ता मात्र बंद नसतो.

• बिघडली तर गावात दुरुस्त होईल का?

• शेजाऱ्यांनीही हीच वस्तू घेतली तर आपल्या वाट्याला काय उरेल?

• उद्या विकायची वेळ आली तर घेणारा कोण?

पाचांतल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर दागिन्यांचा डबा कपाटातच राहू द्यावा. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. गहाण पडलेलं मंगळसूत्र मात्र सुटेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.