‘हार्ड टाइम’ पोर्तुगीजमध्ये कसं सांगाल?

ऑनलाइन गेममध्ये ब्राझीलचे प्लेअर्स भेटतातच. आमच्या ग्रुपमध्येही आहेत, आणि चॅट सगळं ट्रान्सलेट ॲपवर चालतं. तिथे सर्वात जास्त घोळ घालणारं वाक्य म्हणजे ‘आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम’.

शब्दाला शब्द ठेवला तर ‘टाइम’चं ‘तेंपु’ होतं. पण पोर्तुगीजमध्ये ‘तेंपु’ म्हणजे वेळ आणि हवामानसुद्धा! शिवाय ‘माझा हार्ड टाइम चालू आहे’ अशी रचना तिकडे कुणी करत नाही.

खरी गंमत म्हणजे या एका इंग्रजी वाक्प्रचारात तीन वेगळे अर्थ आहेत. मी आधी मराठीत बोलून बघतो, मग अर्थ लगेच सुटे होतात.

‘मला समजायला जड जातंय’ म्हणायचं असेल, तर ब्राझीलमध्ये ‘इस्तो कों जिफिकुउदाजी’, म्हणजे ‘मला अडचण येतेय’. ‘माझे दिवस वाईट चाललेत’ असेल, तर ‘इस्तो पासांदु पोर उमा फाझी जिफीसिऊ’, म्हणजे ‘कठीण टप्प्यातून जातोय’. घरी कुणी आजारी असेल, नोकरी गेली असेल, तर हेच. इथे पहिलं वाक्य गेलं तर समोरचा बिचारा तुम्हाला गेमची सेटिंग समजावत बसेल!

आणि ‘तो मला हार्ड टाइम देतोय’, म्हणजे हात धुऊन मागे लागलाय? ब्राझीलवाले म्हणतात तो ‘माझा पाय पकडतोय’. आपल्याकडे पाय धरणारा विनवणी करतो, तिकडे तो डोकं खातो. त्यामुळे ‘माझा बॉस पाय पकडतो’ असं ट्रान्सलेशन दिसलं तर बॉसवर खूश होऊ नका.

म्हणून ॲपमध्ये वाक्प्रचार टाकूच नका. ‘मला हा नियम समजत नाही’, ‘माझे वडील आजारी आहेत, मी काळजीत आहे’ असं साधं, पूर्ण वाक्य टाका. उलटं ट्रान्सलेट करून तपासणं ठीक आहे, पण त्यावर पूर्ण भरवसा नको. ॲप चुकीचं वाक्य परत फिरवून तुमचं मूळ इंग्रजी जसंच्या तसं दाखवू शकतं.

अजून एक. समोरचा पोर्तुगालचा असेल तर ‘पासांदु’ऐवजी तिकडे ‘आ पासार’ म्हणतात. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२४ पासून पोर्तुगालची पोर्तुगीज वेगळी निवडता येते, भाषांच्या यादीत जरा खाली बघा.