गाडीच्या धुराचा आकडा : फ्रीमाँटच्या भाच्याने घेतलेले गेज

गेल्या वर्षी आम्ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट या गावी महिनाभर राहून आलो. आमचा भाचा तिथे नोकरी करतो. तिकडच्या बागा, पूल आणि दुकाने यांचे वर्णन या पानावर पूर्वी बरेच येऊन गेले आहे, म्हणून ते सोडतो. आज लिहायचे आहे ते एका लहानशा यंत्राविषयी. त्या यंत्रामुळे भाच्याचे इंजिन जवळजवळ बाद झाले होते, आणि तसल्याच दुसऱ्या यंत्रामुळे ते वाचले. आपल्या बेटावर जुन्या गाड्या जीव लावून सांभाळणारी घरे पुष्कळ आहेत, त्यांना या हकिकतीचा उपयोग होईल.

भाच्याने १९७२ सालची डॅटसन ५१० घेतली आहे. आपल्याकडे हीच गाडी डॅटसन १६०० म्हणून ओळखतात. आमच्या मेहुण्यांकडे तशीच एक होती, नव्हे, अजून आहे, घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. लहानपणी ज्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपलो, तशी आपल्या हातांनी चालती करायची, एवढाच भाच्याचा हट्ट. इंजिन १.६ लिटरचे, हिताचीचा कार्ब्युरेटर, संगणक कुठेही नाही.

फ्रीमाँटला अशी हौस शोभते. १९८८ पर्यंत या गावात सरळ रेषेतील मोटार शर्यतींचा प्रसिद्ध ट्रॅक होता. इथल्या कारखान्यात १९८२ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्या बनत. १९८४ ते २०१० या काळात जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तो चालवला. आज त्याच जागी टेस्लाच्या विजेच्या गाड्या बनतात. त्यांना धुराचा पाइपच नाही! आणि तिथून थोड्या अंतरावर आमचा भाचा रात्री अकरा वाजता टॉर्च घेऊन धुराच्या पाइपाखाली पडलेला.

आता मुद्द्याकडे येतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा ठराविक प्रमाणात जळतात. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झाले तर मेकॅनिक मिश्रणाला रिच म्हणतात आणि हवा जास्त झाली तर लीन. आम्ही दाट आणि पातळ म्हणू. फार दाट मिश्रणाने प्लग काळे पडतात, पेट्रोल वाया जाते आणि सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन निघते. पूर्ण जोर लावलेला असताना मिश्रण फार पातळ झाले तर उष्णता वाढते, ठोके बसतात आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. जुने मेकॅनिक हे सारे कानाने आणि प्लगच्या रंगाने ओळखत. प्लगचे टोक चहाच्या रंगाचे दिसले की गाडी बरोबर.

धुरात किती ऑक्सिजन उरला हे मोजणारा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये गाड्यांसाठी काढला. तो पहिल्यांदा अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वोमध्ये बसला, कारण कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम तेव्हाही कडक होते. पण त्या साध्या सेन्सरला दोनच गोष्टी कळतात, मिश्रण दाट आहे की पातळ. किती दाट, किती पातळ, हे तो सांगत नाही. त्याचा व्होल्टेज १४.७ पाशी एकदम उडी मारतो आणि इकडेतिकडे जवळपास सपाट राहतो. कारखान्याच्या गाडीला तेवढे पुरते. जेट बदलून इंजिन जुळवणाऱ्याला मात्र आकडा हवा असतो. त्यासाठी वाइडबँड सेन्सर आला. त्यात दोन घरे असतात. एका घरात मोजमाप होते, आणि दुसरे घर विजेच्या साहाय्याने ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलून मोजमापाचे घर नेहमी एकाच स्थितीत ठेवते. त्या ढकलण्याला किती वीज लागली यावरून प्रमाण कळते. हे काम चिनीमातीसारख्या पदार्थाच्या एका पट्टीत सुमारे ७८० अंश सेल्सियसला चालते. पट्टी तापवायला आत हीटर असतो.

भाच्याने पहिले गेज स्वस्त पाहून मागवले. मोठी डायल, रंगीत दिवे, जाहिरात झकास. आत कोणता सेन्सर आहे हे डब्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. एका दुकानातून पाइपाच्या खालच्या अंगाला आट्यांची रिंग वेल्ड करून घेतली आणि गेज लावले. इंजिन सावकाश फिरत असताना आकडा १६ च्या वर. म्हणजे पातळ! भाच्याने मोठा जेट घातला. आकडा थोडा उतरला. आणखी मोठा घातला. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी पेट्रोल पाण्यासारखी पीत होती आणि गेज अजून पातळच म्हणत होते.

एका रविवारी आम्ही सहज ऑइलची पट्टी बाहेर ओढून वास घेतला. पेट्रोलचा वास! भाचा म्हणाला, “मामा, गेज तर लीन दाखवतंय. तुम्हाला भास झाला असेल.” आम्ही काही बोललो नाही. रात्री मेहुण्यांना फोन लावला. त्यांनी गेजची चौकशीच केली नाही. “प्लग काढून बघा,” एवढेच म्हणाले. प्लग काढले तर चारही काजळीने काळेकुट्ट. गेज पातळ म्हणते आणि प्लग दाट म्हणतो. दोघांपैकी एक खोटे बोलत होते.

खोटे बोलत होता तो आकडा, पण सगळा दोष गेजचा नव्हता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फाटलेली होती. इंजिन हळू फिरते तेव्हा धुराच्या दोन झोतांमध्ये पाइपात क्षणभर दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो मिश्रण पातळ आहे असे सांगणारच. इंजिनात ठिणगी चुकली तरी हेच होते. न जळलेले पेट्रोल आणि हवा दोन्ही बाहेर पडतात, आणि सेन्सर त्यातली हवा पाहून पातळ म्हणतो. त्यातच सेन्सर पाइपाच्या पोटाशी बसवलेला होता. धुरात पाण्याची वाफ असते, थंड पाइपात तिचे पाणी होऊन खाली साचते. तापलेल्या पट्टीवर थंड पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. सेन्सर बाहेर काढला तेव्हा तो निकामीच झालेला होता.

फट शोधण्याची युक्ती फार सोपी आहे. व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरच्या टोकातून हवा आत फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकायचे. जिथे बुडबुडे, तिथे फट. इंजिन अर्थातच थंड आणि बंद असावे. आम्हा दोघांच्या कपड्यांवर साबण उडाला, पण बुडबुडे पाचव्या मिनिटाला दिसले. नवी गॅस्केट, नवे ऑइल, जुने जेट परत जागेवर, आणि मग दुसऱ्या गेजचा शोध सुरू झाला.

या खेपेला भाच्याने डायल शेवटी पाहिली. पहिला प्रश्न, आत सेन्सर कोणता? बॉशचा एलएसयू ४.२ बरीच वर्षे चालला. त्याला तुलनेसाठी बाहेरची शुद्ध हवा लागते, आणि अधूनमधून तो बाहेर काढून मोकळ्या हवेत जुळवून घ्यावा लागतो. त्यानंतरच्या एलएसयू ४.९ ला बाहेरच्या हवेची गरज नाही आणि तो टिकतोही अधिक. एईएम एक्स-सिरीज आणि इनोव्हेटचे एमटीएक्स-एल प्लस या दोन्ही गेजांत तोच आहे. सेन्सर ही झिजणारी वस्तू आहे, आज ना उद्या बदलावीच लागते. म्हणून ज्याचा सेन्सर कुठल्याही चांगल्या दुकानात सुटा मिळतो, तेच गेज घ्यावे. बेटावर राहणाऱ्याने तर याकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या कंपनीचा सेन्सर फक्त तिच्याच डब्यातून येतो, ती कंपनी बंद झाली की डॅशबोर्डवर एक शोभेची वस्तू उरते. चांगल्या गेजला दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. कमी पैशात मिळाले तर आतला सेन्सर नकली नाही ना, ते पाहावे.

दुसरा प्रश्न आकड्याचा, आणि इथे आपल्या उसाचा संबंध येतो. कॅलिफोर्नियाच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते, तिकडे मक्याचे. भारतात २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले, आणि त्यातले काही उसापासून, महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतूनही येते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. १० टक्के मिसळलेल्या पेट्रोलचे योग्य प्रमाण १४.७ नसून सुमारे १४.१ असते, २० टक्क्यांना सुमारे १३.५. पण गेज मुळात प्रमाण मोजतच नाही. हवा योग्य प्रमाणाच्या किती पट आहे, ते ते मोजते. त्याला लॅम्डा म्हणतात. बरोबर असेल तर लॅम्डा १. मग गेज त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवते, टाकीत काहीही असो. म्हणून भाच्याने गेज लॅम्डावर लावून टाकले. पेट्रोल कोणतेही भरा, १ म्हणजे १. आमच्या मते ज्या गेजवर लॅम्डा दिसत नाही, ते घेऊच नये.

बसवताना या वेळी रिंग मॅनिफोल्डपासून बरीच खाली, पाइपाच्या वरच्या अंगाला वेल्ड केली. घड्याळात दहा आणि दोन यांच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे पाणी साचत नाही. टर्बोची गाडी असेल तर सेन्सर टर्बोनंतर बसवतात, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. इंजिन सुरू झाल्यावरच हीटरला वीज मिळेल अशी तार जोडली. तार काढून सेन्सर तसाच पाइपात ठेवून गाडी चालवू नये, थंड सेन्सर काजळीने मरतो. शिसे असलेले शर्यतीचे पेट्रोल आणि काही सिलिकॉनचे सीलंट हेही त्याचे शत्रू.

तिकडे एक सोय अशी की १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांची धुराची तपासणी लागत नाही. १९७६ नंतरच्या गाडीवाल्याने मात्र पाइपाला हात लावण्यापूर्वी नियम पाहावेत. कन्व्हर्टर हलवला तर गाडी नापास होते.

मग आम्ही रस्त्यावर निघालो. गाडी भाच्याने चालवायची, आकडा आम्ही वाचायचा. चालवणाऱ्याने जोरात असताना गेजकडे पाहू नये, हा आमचा नियम. सोबत कोणी नसेल तर आकडे साठवणारे यंत्र जोडावे. पहिल्याच फेरीत खरी गोष्ट कळली. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना लॅम्डा १.०६. म्हणजे गाडी थोडी पातळ होतीच! हा जेट बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी होता. एक आकार मोठा घातला, लॅम्डा १ च्या आसपास आला. पूर्ण जोर लावल्यावर ०.८८ मिळाला. बिनटर्बोच्या इंजिनाला ०.८५ ते ०.९० ठीक. टर्बोवाले त्याहून दाट, ०.८ च्या आसपास ठेवतात.

शेवटच्या रविवारी सॅन होजेच्या बाजूने माउंट हॅमिल्टनवर गेलो. वर लिक वेधशाळा आहे, उंची १,२८३ मीटर. वळणे इतकी की आकडे वाचता वाचता आमचे डोके गरगरू लागले. वर जाताना हवा विरळ होत गेली आणि तोच जेट दाट होत गेला. खाली ०.८८ होते, वर ०.८३. कार्ब्युरेटरला डोंगर कळत नाही. आपल्याकडे पोर्ट लुईहून क्युरपीपला चढताना हाच फरक पडतो, पण अडीच-तीन टक्क्यांचा. तेवढ्यासाठी जेट बदलण्याचे कारण नाही.

परतल्यावर काही वाचक विचारतील, म्हणून सांगून ठेवतो. संगणकावर चालणारी जपानी गाडी कारखान्यातून आली तशीच असेल तर हे गेज नको. तिचे स्वतःचे सेन्सर आहेत. कार्ब्युरेटर असेल, किंवा टर्बो, कॅमशाफ्ट, निराळा संगणक असे काही बदलले असेल, तरच पैसे खर्च करा. आणि गेज लागले तरी प्लग काढून पाहणे सोडू नका.

मेहुण्यांना भाच्याने नव्या प्लगचा फोटो पाठवला. टोक चहाच्या रंगाचे होते, जरासे दूध कमी पडलेल्या चहाचे. ते बराच वेळ पाहत बसले, असे बहिणीने सांगितले. परवा ताडपत्री काढून ते गाडीखाली शिरले होते. आम्हाला फोन करून विचारत होते, पाइपाला वरच्या अंगाने वेल्डिंग करायचे तर कुठून हात घालावा.