धार्मिक प्रतिमाचित्रण, आधुनिक

देवता, प्रेषित, संत इत्यादी पूज्य व्यक्तींचे घनवाद, अभिव्यक्तिवाद यांसारख्या आधुनिक शैलींतून अथवा परंपरेला अपरिचित अशा नव्या रूपबंधातून केलेले चित्रण. सर्वसाधारण व्यक्तिचित्रात समोरच्या माणसाशी साम्य साधणे अभिप्रेत असते. धार्मिक प्रतिमेत मूळ व्यक्ती चित्रकाराने पाहिलेली नसते. त्यामुळे साम्य पडताळले जाते ते व्यक्तीशी नव्हे, तर भाविकांच्या मनात रुजलेल्या पूर्वीच्या चित्रांशी. शैली बदलली की ओळखीचा हा आधार ढासळतो आणि प्रतिमा पूजनीय राहिली किंवा नाही, असा प्रश्न उपस्थित होतो.

अशा प्रतिमेची ओळख मुख्यतः लक्षणचिन्हांवरून पटते. तेजोवलय, कुमारी मरियेचे निळे वस्त्र, ख्रिस्ताच्या हातापायांवरील खिळ्यांच्या जखमा, संत पीटरच्या हातातील किल्ल्या ही त्यांपैकी काही होत. चेहऱ्याची ठेवण कितीही पालटली, तरी ही चिन्हे कायम असल्यास प्रतिमा ओळखता येते. आधुनिक चित्रकाराला स्वातंत्र्य मिळते ते या अवकाशात. फ्रान्समधील व्हांस येथील प्रार्थनामंदिरात (१९५१) आंरी मातीसने संत डॉमिनिकची आकृती पांढऱ्या फरशांवर केवळ काळ्या रेषांनी रेखाटली व चेहरा कोराच ठेवला. झॉर्झ रुओने (१८७१–१९५८) रंगीत काचचित्रांच्या उमेदवारीत परिचित झालेल्या जाड काळ्या बाह्यरेषा ख्रिस्ताच्या मुखचित्रांत योजल्या.

मुंबई परिसरात प्रतिमांच्या या पालटाला जुना इतिहास आहे. बोरीवलीजवळील मंडपेश्वर येथील शैव गुहेत नटेशाचे शिल्प आहे. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे आल्यावर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी या गुहेचा उपयोग प्रार्थनास्थळासारखा केला व तिच्या माथ्यावर मठ बांधला. एका भिंतीवर मूळ शिल्पाच्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. तेथे एका प्रतिमेची जागा दुसरीने घेतली. विसाव्या शतकातील चित्रकारांपुढचा प्रश्न मात्र निराळा होता : श्रद्धेचा विषय तोच ठेवून त्याचे रूप बदलता येईल काय?

या प्रश्नाची झळ आंजेलो दा फोन्सेका (१९०२–६७) यांना प्रत्यक्ष सोसावी लागली. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे जन्मलेल्या फोन्सेका यांनी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय सोडून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. गोव्यात परतल्यावर त्यांनी कुमारी मरिया लुगडे नेसलेली, भारतीय वर्णाची व चेहरेपट्टीची रंगविली. गोऱ्या, युरोपीय मरियेची सवय असलेल्या तेथील समाजात त्यावर कडक टीका झाली. अखेर त्यांनी गोवा सोडला व पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने चित्रसाधना केली. त्यांची बरीच चित्रे आता पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत.

अँजेला त्रिंदाद (१९०९–८०) यांनी याहून वेगळा मार्ग अवलंबिला. चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांच्या या कन्येने आरंभी भारतीय वेशातील ख्रिस्ती विषय हाताळले आणि पुढे त्रिकोणांच्या रचनेवर आधारलेली, घनवादाशी नाते सांगणारी शैली घडविली. ती ‘त्रिंदादवाद’ म्हणून ओळखली जाते. पोर्तुगीज भाषेत ‘त्रिंदाद’ म्हणजे त्रैक्य. त्रिकोण हे ख्रिस्ती त्रैक्याचे पारंपरिक चिन्ह असल्याने येथे भूमितीलाच धार्मिक अर्थ प्राप्त झाला. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांनी मात्र क्रूसारोहण (१९५९, टेट संग्रहालय, लंडन) या चित्रात विद्रूप, काटेरी आकृतींमधून यातनेवर भर दिला. ते भक्तीला आवाहन करण्यापेक्षा प्रेक्षकाला अस्वस्थ करते. मकबूल फिदा हुसेन यांनी मदर तेरेसांवरील चित्रमालिकेत चेहरा वगळून निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीवरच ओळख सोपविली.

धर्मसंस्थेची भूमिका प्रथम सावध होती. फ्रान्समधील आसी येथील चर्चमधून झेर्मेन रिशिये यांचा शिल्पित ख्रिस्त १९५१ मध्ये हलविण्यात आला आणि १९५२ मध्ये व्हॅटिकनने धार्मिक कलेतील विकृतीकरणाविरुद्ध सूचना काढल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविषयक संविधानात मात्र चर्चने कोणतीही एक शैली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले. पावित्र्य व आदर राखून सर्व काळांतील व देशांतील कलांना त्यामुळे वाव मिळाला.

चित्रणाच्या दृष्टीने या प्रकारात तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली, कोणती लक्षणचिन्हे राखावयाची व कोणती गाळावयाची याची निवड. दुसरी, नव्या शैलीतील रेषा, रंग व आकार यांचा विषयाशी असलेला अर्थसंबंध. आणि तिसरी, चित्राचे स्थान. संग्रहालयातील प्रेक्षक क्षणभर थांबतो व पुढे जातो. वेदीसमोरचा भाविक त्याच प्रतिमेपुढे वर्षानुवर्षे बसतो. म्हणून प्रदर्शनात प्रभावी ठरलेली प्रतिमा उपासनेत टिकेलच असे नाही. उलट, आरंभी परकी वाटलेली प्रतिमा सहवासाने आपलीशी होऊ शकते. भारतीय वेशातील ज्या मरियेमुळे फोन्सेका यांना जन्मभूमी सोडावी लागली, तिला आज गोव्यातच जतनाचे स्थान लाभले आहे.