गॅबॉन : जंगल शाबूत असलेला देश

आफ्रिकेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे केनिया आणि टांझानिया येतात. विस्तीर्ण गवताळ मैदानं, उघड्या छताची गाडी आणि समोर निवांत पहुडलेले सिंह. पण त्याच खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विषुववृत्त ज्याच्या मधूनच जातं असा एक देश आहे, गॅबॉन. तिथं जाण्याचं मनात असेल, तर हे मैदानी चित्र आधी बाजूला ठेवायला हवं. इथं जंगल आहे, आणि ते इतकं दाट आहे की दहा पावलांवर उभा असलेला हत्ती कधीकधी दिसत नाही, फक्त फांदी मोडल्याचा आवाज येतो.

गॅबॉनचं क्षेत्रफळ आहे सुमारे २ लाख ६७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडं कमी. लोकसंख्या मात्र २५ लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची लोकसंख्या याहून अधिक होती! त्यातही दहापैकी जवळजवळ नऊ माणसं शहरांत राहतात. उरलेल्या देशाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली आहे.

हे जंगल टिकलं कसं? याचं श्रेय केवळ निसर्गप्रेमाला देता येणार नाही. १९६० साली फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळालं आणि पाठोपाठ खनिज तेलाचा पैसा येऊ लागला. माणसं कमी आणि तेल भरपूर, त्यामुळे शेतीसाठी रान तोडायची निकड पडली नाही. खाण्यापिण्याच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर बाहेरून येऊ लागल्या, त्या आजही येतात. म्हणूनच राजधानी लिब्रेव्हिलमध्ये साधं जेवण, साधी खोलीसुद्धा अपेक्षेपेक्षा महाग पडते. ज्या कारणानं जंगल राहिलं, त्याच कारणानं प्रवाशाच्या खिशाला कात्री लागते.

पुढे मात्र सरकारनं जाणीवपूर्वक पावलं उचलली. २००२ मध्ये अध्यक्ष ओमर बोंगो यांनी एकदम १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. २०१० मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद झाली. लाकूड देशातच कापा, प्लायवूड इथंच बनवा, असं धोरण आलं. त्यासाठी लिब्रेव्हिलजवळ न्कोक इथं जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिथल्या कारखान्यांत भारतीय उद्योजकांचेही कारखाने आहेत.

पाहण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत, पण पहिल्या भेटीत दोनच ठेवाव्यात, असं मी सुचवीन. पहिली लोपे. हे उद्यान २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथं जंगलाच्या मधेमधे गवताळ पट्टे आहेत, त्यामुळे हत्ती आणि रानरेडे उघड्यावर दिसतात. रंगीत तोंडाच्या मँड्रिल माकडांचे शेकड्यांनी असणारे कळप हे इथलं वैशिष्ट्य. लोपेला रेल्वेनं जाता येतं. ओवेंडो ते फ्रान्सव्हिल हा लोहमार्ग १९८६ मध्ये पूर्ण झाला. त्यावरून मँगनीजची मालवाहतूकही चालते, त्यामुळे गाडी वेळेवर येईल, या भरवशावर पुढचा कार्यक्रम आखू नये.

दुसरी जागा लोआंगो. इथं जंगल थेट अटलांटिकच्या वाळूला येऊन भिडतं. किनाऱ्यावर हत्ती फिरतात आणि पाणघोडे लाटांत उतरतात. याच उद्यानात माणसांच्या सवयीच्या झालेल्या गोरिलांचा एक गट पाहता येतो. अर्थात वाटाड्याबरोबर, तोंडाला मास्क बांधून आणि अंतर राखून, कारण आपली सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते. हा सगळा खर्चाचा मामला आहे आणि आधी ठरवूनच करावा लागतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. २०२१च्या पाहणीनुसार गॅबॉनमध्ये सुमारे ९५ हजार जंगली हत्ती आहेत, जगातल्या या जातीचा फार मोठा हिस्सा. हस्तिदंतासाठी त्यांची भयंकर कत्तलही झाली. एकट्या मिंकेबे उद्यानात २००४ नंतरच्या काही वर्षांत ११ हजारांहून अधिक हत्ती मारले गेल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. पण खेड्यातल्या बाईला विचारलं, तर ती वेगळं सांगेल. वर्षभर राबून वाढवलेला कसावा आणि केळी हत्ती एका रात्रीत संपवतात, आणि त्याला हात लावायची कायद्यानं बंदी. दोडामार्ग-चंदगडच्या शेतकऱ्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. तेलाच्या जुन्या विहिरी आटत चालल्या आहेत. जंगल राखल्याचा मोबदला जगानं द्यावा, असं गॅबॉनचं म्हणणं आहे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या पैशातून १ कोटी ७० लाख डॉलर मिळालेही, पण देशाच्या गरजेपुढे ही रक्कम किरकोळच. म्हणून उद्यानात गेलात, तर वाटाड्या जवळच्या गावातला घ्यावा आणि मुक्कामही शक्य तो गावाजवळ करावा.

मराठी वाचकाला एक गाव ओळखीचं वाटेल, लांबारेने. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१३ मध्ये ओगोवे नदीच्या काठी इथं रुग्णालय सुरू केलं. सुमती देवस्थळे यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र अनेकांनी वाचलं असेल. रुग्णाचे नातेवाईक तिथंच राहून त्याच्यासाठी चूल पेटवत. जुन्या इमारतींत आता संग्रहालय आहे, शेजारी नवं रुग्णालय चालू आहे. आफ्रिकी माणसाकडे धाकट्या भावासारखं पाहण्याच्या श्वाइट्झर यांच्या वृत्तीवर पुढे टीका झाली, तीही लक्षात ठेवून ही जागा पाहावी.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. १९६७ पासून आधी ओमर आणि मग त्यांचा मुलगा अली, असं बोंगो घराण्याचं राज्य होतं. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लष्करानं ते उलथवलं. त्या उठावाचे नेते ओलिगी एन्गेमा एप्रिल २०२५ मध्ये निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले. प्रवाशानं चर्चेत पडू नये. सैनिक, विमानतळ आणि सरकारी इमारतींचे फोटो काढू नयेत. रस्त्यात तपासणी नाके असतात, पासपोर्ट जवळ असू द्यावा.

भाषा फ्रेंच. इंग्रजीवर काम भागत नाही, चार वाक्यं शिकून जावीत. लिब्रेव्हिलमध्ये टॅक्सीवाल्याला ठिकाण आणि भाडं आपणच सांगायचं. पटलं तर तो हॉर्न वाजवतो, नाही तर पुढे निघून जातो. चलन सीएफए फ्रँक, युरोशी बांधलेलं. तेव्हा डॉलरपेक्षा युरो नेणं सोयीचं. शाकाहारी माणसानं भात, तळलेली केळी आणि फळांवर भागवायची तयारी ठेवावी. पालेभाजीतसुद्धा मासा निघू शकतो. रानटी प्राण्याचं मांस पुढे आलं, तर नको म्हणावं.

जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ फिरायला बरा, जुलैपासून किनाऱ्याजवळ देवमासेही दिसतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे आणि ती निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचलेली हवी. ते प्रमाणपत्र परतीच्या प्रवासातही हाताशी ठेवा, नाही तर मायदेशी उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागेल.