मोटारीचा पाण्याचा पंप

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांतल्या कितीतरी गाड्या कुर्ल्याला तयार झाल्या. कुर्ला घाटकोपरच्या शेजारी आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटार तयार होई. पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. पण त्यांच्यात होता तसा पाण्याचा पंप आजही मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये असतो.

हा पंप कशाला लागतो?

इंजिनाच्या पोटात तेल जळते. जणू चूलच पेटलेली असते. त्या आचेने इंजिन तापते. म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात. तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते. तिथे वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात जाते. पाण्याची ही फेरी पंप चालू ठेवतो. पंपात पात्यांचे लहान चाक असते. इंजिनाचा पट्टा ते फिरवतो. पंप बंद पडला की पाणी जागीच उकळते. गाडी तशीच दामटली, तर इंजिन जाम होते. मग पंपाच्या खर्चाऐवजी सगळ्या इंजिनाचा खर्च अंगावर पडतो.

बिघाड कसा ओळखावा?

पंपाखाली पाणी ठिबकते. पंपातून घरघर आवाज येतो. चाक हाताने हलवले तर डुगडुगते. गाडी वारंवार तापते. अर्थात, हात लावायचा तो इंजिन बंद असतानाच.

पंप कसा बदलावा?

आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते. झाकण निघताच ते वाफेसह उसळते आणि तोंड, हात भाजतात.

बॅटरीची तार काढा. पाणी बादलीत काढून घ्या. त्यात कूलंट असेल तर ते उघड्यावर ओतू नका. त्याची चव गोड, पण ते विषारी असते. गुरे, कुत्री, मुले यांना त्याचा धोका असतो.

मग पट्टा सैल करून काढा. पंखा पंपावरच बसवलेला असेल तर तोही काढा. रबरी नळी सोडवा. बोल्ट काढा. कुठला बोल्ट कुठला, ते ध्यानात ठेवा. जुने पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ करा. नवे पॅकिंग घालून नवा पंप बसवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळली तर पाणी गळते. नळी, पंखा, पट्टा आणि तार परत लावा.

आता पाणी भरा. इंजिन चालू करून गळती पाहा. पाणी खाली गेले तर इंजिन थंड झाल्यावर पुन्हा भरा.

काही नव्या गाड्यांत पंप आतल्या टायमिंग पट्ट्यावर चालतो. तो पट्टा चुकीचा बसला तर इंजिन मोडू शकते. तिथे जाणत्या मिस्त्रीलाच बोलवा.

वाटेत गाडी तापली तर कडेला थांबा. अति घाई संकटात नेई, हे इंजिनालाही लागू आहे.