सावकाश फुटणारी लाट

फळी घेऊन लाटेवर स्वार होण्याची कला, जिला आता आपणही सर्फिंग म्हणू लागलो आहोत, ती शिकू इच्छिणाऱ्या मनुष्यास शांत समुद्र सोयीचा वाटावा हे स्वाभाविक असले, तरी तो समज फार काळ टिकत नाही; कारण शांत पाण्यात फळी पुढे नेणारे असे काहीच नसते आणि नवशिक्या तासभर पाण्यात बसून तसाच परत येतो. त्याला लाट हवीच असते, मात्र ती आपले सारे भांडवल एका क्षणात न उधळता हप्त्याहप्त्याने देणारी हवी असते. अशी लाट कोठे लाभेल हे पाण्याच्या पृष्ठभागावरून फारसे कळत नाही. त्यासाठी तळाची चौकशी करावी लागते.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या उपनगरी आगगाडीच्या मार्गावर म्युझेनबर्ग नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १९२२ साली, ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या पूर्वतयारीसाठी निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर पतीसमवेत जगप्रवासास निघालेल्या, आणि लेखिका म्हणून तोवर नुकत्याच उदयास येऊ लागलेल्या अगाथा ख्रिस्ती येथे लाकडाच्या पातळ फळीवर पोटावर पडून लाटांबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्यास शिकल्या. त्याच वर्षी पुढे हवाई बेटांवरील वायकीकी येथे ख्रिस्तीबाई फळीवर उभ्याही राहिल्या. पण प्राथमिक शाळा ती म्युझेनबर्गचीच. आजही त्या गावाचा ‘सर्फर्स कॉर्नर’ म्हणून ओळखला जाणारा कोपरा नवशिक्यांनी गजबजलेला असतो.

हा किनारा ज्या आखातावर आहे त्याचे नाव फॉल्स बे, म्हणजे फसवे आखात. हिंदुस्थानातून आणि पूर्वेकडील बेटांतून माल भरून परतणारी गलबते आखाताच्या पूर्वेकडील हँगक्लिप भूशिरालाच केप पॉइंट समजून अकाली उत्तरेस वळत आणि या आखातात येऊन अडकत, म्हणून हे नाव. खलाशांना फसवणारे हे आखात लाटांच्या बाबतीत मात्र चांगलाच बंदोबस्त ठेवते.

तेथे येणाऱ्या लाटांचे माहेर फार दूर, दक्षिण अक्षांशांच्या चाळिशीत आणि पन्नाशीत आहे, जेथे वाऱ्याला अडवण्यास भूमी जवळजवळ नाहीच. वादळी वाऱ्याने घुसळलेल्या त्या पाण्यातून निघालेल्या लाटा जसजशा दूर जातात तसतशी त्यांची आपोआप वर्गवारी होत जाते. लांब लाटा पुढे निघतात, आखूड मागे राहतात. दोन शिखरांमध्ये बारा सेकंदांचे अंतर असलेली लाट खोल समुद्रात सव्वादोनशे मीटर लांब असते आणि तिचे शिखर ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाने धावते. तिची ऊर्जा मात्र नेमक्या निम्म्या वेगाने सरकते, कारण समूहाच्या अग्रभागी शिखरे विरून जातात आणि पिछाडीस नवी उभी राहतात. ही प्रवासी ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्च होते. १९६३ साली वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटांचा माग न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत काढून हे दाखवून दिले होते.

बारा सेकंदांची एक मीटर उंच लाट किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे सुमारे बारा किलोवॅट, म्हणजे पंधरा-सोळा अश्वशक्ती, आणून टाकीत असते. उंची दुप्पट झाली तर हा आकडा चौपट होतो, ही गोष्ट ‘थोडीशीच मोठी आहे’ म्हणत लाटेच्या वाटेस जाणाऱ्याने अवश्य ध्यानी ठेवावी. म्युझेनबर्गला यातला मोठा वाटा पोहोचतच नाही. नैर्ऋत्येकडून आलेल्या लाटेला केपच्या द्वीपकल्पास वळसा घालावा लागतो. उथळ भागावरील तिचे टोक मंदावते, खोल भागावरील टोक पुढे जाते आणि अवघी लाट, प्रकाशकिरण काचेत वळावा तशी, वळते. या वक्रीभवनात तिची ऊर्जा लांबलचक किनाऱ्यावर पसरते आणि उंची उतरते.

तरीही जी लाट उरते ती कशी फुटणार, हा खरा प्रश्न आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की माथा पायथ्याच्या पुढे धावू लागतो आणि लाट फुटते, हा स्थूल नियम. तळ पन्नास मीटरांत एक मीटर उतरणारा असेल, तर मीटरभर उंचीची लाट किनाऱ्यापासून साठ-पासष्ट मीटरांवरच फुटू लागेल. तोच उतार बारा मीटरांत एक असेल, तर ती अवघ्या पंधरा मीटरांवर येईपर्यंत अभंग राहील आणि मग सारा हिशेब एका दमात चुकता करील. स्पॅनिश अभियंता रामोन इरिबारेन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अंक हेच मोजतो: तळाच्या उताराला, लाटेची उंची आणि खोल समुद्रातील तिची लांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने भागावे. उत्तर अर्ध्याहून कमी आले तर लाट सांडते. त्याहून अधिक, साधारण सव्वातीनपर्यंत, आले तर ती कमान करून कोसळते. त्यापुढे ती न फुटताच उतारावर चढते. आपल्या बारा सेकंदांच्या लाटेसाठी पहिल्या उतारावर हा अंक ०.३ येतो आणि दुसऱ्यावर सव्वा. पहिल्या ठिकाणी माथ्यावरून फेस ओघळत राहतो आणि लाट किनाऱ्यापर्यंत फळीला ढकलीत येते. दुसऱ्या ठिकाणी टनावारी पाणी डोक्यावर येते. म्युझेनबर्गचा किनारा पहिल्या जातीचा आहे, बारीक वाळूचा, सपाट, पूर्वेकडे दूरवर पसरलेला. उभे राहण्याची धडपड करण्यास दोन-तीन सेकंद लागतात. येथे ती करून, पडून, पुन्हा फळीवर पोट टेकवण्याइतकी सवड एकाच लाटेत मिळते.

अशा उदार लाटेवर बसण्यासही एके काळी सनद लागत असे. १९५३च्या कायद्याच्या आधारे वर्णभेदी राजवटीने हा किनारा गोऱ्यांसाठी राखून ठेवला होता.

वाऱ्याचा अंमल ऋतूनुसार बदलतो. हिवाळ्यातला वायव्य वारा येथे मतलई ठरतो. तो समोरून येणाऱ्या लाटेचा माथा सावरून धरतो आणि पाणी इस्त्री केल्यासारखे दिसते. उन्हाळ्यातला आग्नेय वारा समुद्राकडून येऊन लाटांचा विस्कोट करतो, पण तो आखाताच्या पाण्याला फारसे गारठवीत नाही. डोंगरापलीकडच्या अटलांटिक किनाऱ्यावर मात्र हाच वारा वरचे पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खालचे थंडगार पाणी वर येते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तेथे दात वाजतात. थोडक्या अंतरावरील दोन किनाऱ्यांचे एकाच वाऱ्याने असे भिन्न हाल करावेत, हे मोठे गमतीचे.

भरतीओहोटीचा तगादा या आखातात सौम्य आहे. उधाणाच्या दिवशीही तेथे पाणी दीड मीटरांच्या आसपासच चढते-उतरते, त्यामुळे सपाट किनाऱ्यावर पाण्याची हद्द पाऊणशे मीटर सरकते. मुंबईसारखी चार मीटरांहून मोठी भरती तशाच उतारावर आली, तर ती दोनशे मीटरांवर जाईल.

धोका नाही असे नव्हे. लाटांनी किनाऱ्याशी लोटलेले पाणी वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट वाटांनी परत जाते. त्या वाटेवर लाट नीट फुटत नाही, फेस दिसत नाही, आणि नवशिका नेमकी तीच जागा निवांत समजून निवडतो. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडू नये; किनाऱ्याला समांतर पोहून तिच्या बाहेर पडावे. शार्कमाशांसाठी म्युझेनबर्गच्या डोंगरावर २००४ पासून पहारेकरी तैनात असतात आणि खाली निशाणे फडकतात: हिरवे म्हणजे पाणी स्वच्छ दिसते, काळे म्हणजे दिसत नाही, तांबडे म्हणजे सावधगिरी, आणि भोंग्यासह पांढरे म्हणजे तत्काळ पाण्याबाहेर. काळ्या निशाणाचे मला विशेष कौतुक वाटते. आम्हांस दिसत नाही, अशी जाहीर कबुली देणारी व्यवस्था विरळा.

दक्षिण महासागरातील अशीच वादळे आपल्या किनाऱ्यालाही ओळखतात. स्थानिक वारा पडलेला असताना केरळच्या किनाऱ्यावर अचानक चढणाऱ्या समुद्राला तेथील कोळी ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. त्याचा इशारा आता हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आगाऊ देते. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याच्या सपाट पुळणीवर पावसाळा सरल्यानंतरच्या एखाद्या सकाळी मतलई वाऱ्यात उभे राहून पाहावे. गुडघाभर लाट बऱ्याच अंतरावर पांढरी होते, फेसाची कड डावी-उजवीकडे पसरत जाते, आणि पायाशी येईपर्यंत तिच्यात घोट्यापुरतेच पाणी उरलेले असते.