नाटकाची गोष्ट होते कशी?

शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' सुरू होतं ते भर समुद्रात, बुडायला आलेल्या जहाजावर. खलाशांची आरडाओरड चाललेली, आणि त्या गोंधळात राजालाही कुणी विचारत नाही. हे वादळ एका माणसाने मंत्रविद्येने उठवलंय, हे प्रेक्षकांना कळतं पुढच्या प्रवेशात. आता हेच एखाद्या लहान मुलीला पुस्तकातून सांगायचंय. रंगमंच नाही, नट नाहीत. सुरुवात कुठून करायची?

मेरी लॅम्बने ती केली बेटापासून. एक बेट, तिथे म्हातारा प्रॉस्पेरो आणि त्याची मुलगी मिरांडा. आधी त्यांची गुहा, त्याची पुस्तकं, त्याच्या ताब्यातली भुतंखेतं, मग वादळ. नाटकात आपण जहाजावर असतो, गोष्टीत मिरांडाशेजारी किनाऱ्यावर! बुडण्याची भीती जाते आणि तिच्या जागी बुडणाऱ्यांबद्दलची कळकळ येते. केवढा मोठा बदल, आणि केला कशाने, तर फक्त क्रम फिरवून.

मेरीची ही गोष्ट ज्यात आहे, ते 'टेल्स फ्रॉम शेक्सपिअर' हे पुस्तक लंडनमध्ये 1807 साली निघालं. त्यात वीस नाटकांच्या गोष्टी आहेत. सहा शोकांतिका चार्ल्स लॅम्बच्या, उरलेल्या चौदा त्याच्या थोरल्या बहिणीच्या, मेरीच्या. चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून होता. दोघं एकाच टेबलाशी बसून लिहीत. मेरी तपकीर ओढत असे आणि चार्ल्स कण्हत राही, काही जमत नाही म्हणे, आणि लिहून संपेपर्यंत त्याचं हेच चाले, असं मेरीनेच एका पत्रात लिहून ठेवलंय.

त्यांनी स्वतःला घालून घेतलेला एक दंडक मला फार थोर वाटतो. शेक्सपिअरनंतर इंग्रजीत आलेले शब्द शक्यतो वापरायचे नाहीत. म्हणजे मुलं मोठी होऊन मूळ नाटक उघडतील तेव्हा तिथली भाषा त्यांच्या थोडी तरी ओळखीची असेल.

काटछाटही धीटपणे केलेली. 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला माल्व्होलिओ अख्खा गायब! ते मी समजू शकतो, त्याची फजिती रंगमंचावरच खुलते. पण 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या सोन्याच्या, चांदीच्या आणि शिशाच्या पेट्या का गाळाव्यात? मुलांना त्याहून आवडेल असं त्या नाटकात दुसरं काय आहे?

प्रस्तावनेत म्हटलंय की हे पुस्तक मुख्यतः मुलींसाठी आहे, कारण मुलग्यांना वडिलांची पुस्तकं लवकर हाताळू देतात. अवघड जागा भावांनी बहिणींना समजावून द्याव्यात, अशी विनंतीही आहे. इथे तर बहीणच सांगत होती. 1796 मध्ये वेडाच्या झटक्यात मेरीच्या हातून आईचा जीव गेला होता. चार्ल्सने तिची जबाबदारी घेतली आणि जन्मभर निभावली. ते आजारपण पुन्हा पुन्हा उलटायचं. त्यातून तिने या चौदा गोष्टी लिहिल्या, आणि पुस्तकावर नाव छापलं गेलं एकट्या चार्ल्सचं. तिचं नाव आलं 1838 च्या सातव्या आवृत्तीत. चार्ल्सला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मेरी हयात होती.